गेटवे सर्वरवर ट्रॅफिक लॉग कसे जमवायचे, कसे फिरवायचे आणि १८० दिवस कसे टिकवायचे

आधी तुमची अडचण मला जशी समजली तशी लिहितो. ऑफिसचा उबंटू सर्वर, तोच गेटवे म्हणजे इंटरनेटला जायचा रस्ता, मागे दीडशेच्या आसपास मशीन. ऑडिटरने नेटवर्क ट्रॅफिकचे १८० दिवसांचे लॉग मागितले म्हणून तुम्ही टीसीपीडंप (नेटवर्कवरचं प्रत्येक पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम) चालू करून सगळं एका फाईलीत टाकायला लागलात, तीन दिवसात ५०० जीबीची डिस्क भरली आणि डेटाबेस त्याच डिस्कवर असल्यामुळे तोही बसला. मग लॉगरोटेट (जुनी लॉग फाईल बाजूला करून नवीन सुरू करणारा प्रोग्रॅम) लावलं तर फाईलचं नाव बदललं, पण जागा काही सुटली नाही, आणि नवीन फाईल शून्य बाइटचीच राहिली.

जागा का सुटली नाही ते आधी सांगतो, कारण हे कळलं की पुढचं निम्मं आपोआप समजतं. लिनक्समधे चालू प्रोग्रॅम फाईल एकदा उघडतो आणि मग तो नावाकडे बघतच नाही, त्याने उघडलेली वस्तू म्हणजे आयनोड, नावामागची डिस्कवरची खरी फाईल. लॉगरोटेटने नाव बदललं तरी टीसीपीडंप त्याच जुन्या आयनोडमधे लिहीत राहिला, आणि नंतर तुम्ही ती फाईल डिलीट केलीत तरी प्रोग्रॅमच्या हातात ती उघडीच आहे त्यामुळे कर्नल जागा परत देत नाही. अशा वेळी डीएफ (डिस्कची वापरलेली जागा दाखवणारी कमांड) सांगतं डिस्क भरलीय आणि डीयू (दिसणाऱ्या फाईलींची बेरीज करणारी कमांड) सांगतं रिकामी आहे, आणि माणूस चक्रावतो. एलएसओएफला, म्हणजे उघड्या फाईली दाखवणाऱ्या कमांडला, प्लस मोठा एल आणि १ देऊन चालवा, डिलीट झालेल्या पण अजून कोणीतरी धरून ठेवलेल्या फाईली दिसतात, तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा लगेच सुटते.

म्हणून रोटेशन लावताना पहिला प्रश्न हा, की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला "फाईल बदलली, परत उघड" हे कसं सांगायचं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. आरसिसलॉगला (सिस्टमचे लॉग लिहिणारा प्रोग्रॅम) हप नावाचा सिग्नल चालतो. डीएनएसमास्क (आतल्या मशीनना आयपी वाटणारा आणि साइटच्या नावाचा आयपी सांगणारा प्रोग्रॅम) थेट फाईलीत लिहीत असेल तर त्याला हप पाठवून लॉग उघडत नाही, हपने तो कॅश साफ करतो आणि होस्ट्स फाईल परत वाचतो, लॉग परत उघडायला त्याला यूएसआर२ हा सिग्नल लागतो. आणि टीसीपीडंपला हप पाठवलात तर तो सरळ बंद होतो. कॉपीट्रंकेट, म्हणजे फाईलची कॉपी काढून मूळ फाईल जागेवरच रिकामी करणं, हा सोपा वाटणारा उपाय पॅकेट कॅप्चरच्या फाईलीवर तर कधीच वापरू नका, कारण पीकॅप फाईलीच्या सुरवातीला २४ बाइटचं हेडर असतं, ट्रंकेट केलं की ते उडतं, टीसीपीडंप पुढच्या ऑफसेटवर लिहीत राहतो आणि हातात येते सुरवातीला नुसते शून्य भरलेली, कशातच न उघडणारी फाईल. साध्या टेक्स्ट लॉगला कॉपीट्रंकेट चालतं, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात, त्यामुळे जिथे सिग्नलची सोय आहे तिथे ते टाळाच.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला पॅकेट साठवायचेच नाहीयेत. हिशोब करून बघा, तीन दिवसात ५०० जीबी म्हणजे दिवसाला साधारण १६५ जीबी, १८० दिवसांचे झाले जवळपास ३० टीबी. एवढं विकत घेऊन ठेवलंत तरी त्यातलं बहुतेक सगळं टीएलएसने एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे आत काय होतं ते तुम्हालाही वाचता येणार नाही, आणि जे थोडं उघडं आहे त्यात लोकांची खाजगी माहिती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर तर गरज नसताना असला ढीग सांभाळणं म्हणजे स्वतःच्या अंगावर जबाबदारी ओढवून घेणं आहे.

ऑडिटर १८० दिवस म्हणतोय ते सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांवरून. त्यात सिस्टमचे लॉग चालू ठेवा, १८० दिवसांचे चालते लॉग सुरक्षित सांभाळा, घटना लक्षात आल्यापासून ६ तासात कळवा आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवा असं आहे. प्रत्येक पॅकेट ठेवा असं त्यात कुठेही नाही. उद्या खरोखर विचारणा आली तर ती अशी येते: अमुक तारखेला अमुक वाजता तुमच्या पब्लिक आयपीवरून, या पोर्टवरून (कनेक्शनला मिळालेला नंबर), तमुक ठिकाणी कनेक्शन गेलं, ते आतल्या कुठल्या मशीनचं? सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमधे कोण, कधी, कुणाकडे एवढंच लिहितात, पिशवीतल्या सामानाची यादी नाही, तसंच हे. आणि प्रश्नात पोर्ट आहे याकडे नीट लक्ष द्या, दीडशे मशीन एकाच पब्लिक आयपीमागे आहेत, सोर्स पोर्ट लिहिला नसेल तर तो लॉग कुणाकडेही बोट दाखवू शकत नाही.

तर गोळा करायचं ते कनेक्शन. तुमचा सर्वर नॅट करतोय (आतल्या सगळ्या मशीनना एकच पब्लिक आयपी वापरू देतोय), म्हणजे कर्नलच्या कॉनट्रॅक नावाच्या, चालू कनेक्शनच्या टेबलमधे प्रत्येक कनेक्शनच्या दोन्ही बाजू आधीच आहेत, आतला आयपी-पोर्ट आणि बाहेर दिसलेला आयपी-पोर्ट. ते फक्त फाईलीत उतरवायचं, आणि त्यासाठी यूलॉगडी२ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्या कॉन्फिगमधे एनएफसीटी (कॉनट्रॅकमधून वाचणारा भाग) पासून सुरू होऊन लॉगएमू (फाईलीत लिहिणारा भाग) पर्यंत जाणारा एक स्टॅक कॉमेंट करून ठेवलेला असतो, तो उघडायचा. सोबत सिसकंट्रोलमधे, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधे, कॉनट्रॅकचं अकाउंटिंग आणि टाइमस्टॅम्प या दोन्ही गोष्टी १ करा, नाहीतर किती बाइट गेले आणि कनेक्शन कधी सुरू झालं ते येणार नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. हा लॉग कनेक्शन संपल्यावर लिहिला जातो. कुणाचं व्हीपीएन दोन दिवस चालू असेल तर ओळ दोन दिवसांनी पडते, आणि समोरचं मशीन न सांगता गायब झालं तर टीसीपीचा डिफॉल्ट टाइमआउट ५ दिवसांचा आहे, म्हणजे ओळ पाच दिवस उशिरा येऊ शकते. म्हणून शोधताना फक्त त्या तारखेची फाईल उघडून "काही नाही" असं म्हणू नका, पुढच्या पाच-सहा दिवसांच्या फाईलीपण चाळा. नाहीतर सुरू झालेल्या कनेक्शनच्या नोंदीपण वेगळ्या घ्या, ओळी दुप्पट होतील पण घाईच्या वेळी, म्हणजे त्या ६ तासांच्या आत, त्याच कामाला येतात. मी दोन्ही घेतो. आणि यूलॉगडीच्या स्वतःच्या लॉगमधे इव्हेंट हरवताहेत अशी तक्रार दिसली तर नेटलिंक सॉकेटचा (कर्नलकडून इव्हेंट येतात ती वाट) बफर वाढवा, ती तक्रार दिसत असताना तुमचा लॉग अपुरा आहे हे धरून चाला.

साईज बघा. समजा सरासरी सेकंदाला २० नवीन कनेक्शन, दोन्ही ओळी मिळून प्रत्येक कनेक्शनला ५०० बाइट, दिवसाला होतात साधारण ८६० एमबी. १८० दिवसांचे १५५ जीबी, आणि असला एकसारखा टेक्स्ट जीझिपमधे सहज दहापटीच्या आसपास दाबला जातो, म्हणजे पंधरा-वीस जीबीचं काम. ३० टीबीच्या जागी!

एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, लॉग रूलने पण हे करता येतं हे मला माहितीये आणि नेटवर निम्म्या ठिकाणी तेच सांगितलेलं असतं, पण तो कर्नल लॉगमधे लिहितो, तिथून जर्नलडी आणि आरसिसलॉग दोघं उचलतात, एकच ओळ दोन-तीन जागी साठते, शिवाय नॅटनंतरचा पोर्ट त्यात येत नाही. फायरवॉलने अडवलेल्या गोष्टींसाठी तो वापरा, आणि तिथेही लिमिट लावा, नाहीतर कुणी पोर्ट स्कॅन करायला बसला की तो तुमची डिस्कपण भरून देतो. नेटफ्लो किंवा आयपीफिक्स (कनेक्शनच्या सारांश नोंदींचे फॉरमॅट) वापरायचं असेल तर सॉफ्टफ्लोडी (नोंदी बनवणारा) आणि एनएफकॅपडी (त्या साठवणारा) ही जोडी छान आहे, एनएफकॅपडी दर ५ मिनिटाला स्वतःच फाईल बदलतो आणि जुन्या फाईली काढणाऱ्या एनएफएक्सपायरला एकूण साईज आणि वय अशा दोन्ही मर्यादा देता येतात, ट्रॅफिकचे ट्रेंड बघायला मला तेच आवडतं. पण एकाच गेटवेला आणि नॅटच्या प्रश्नाला यूलॉगडी पुरतो.

आता कनेक्शन लॉगने उत्तर येतं "१९२.१६८.१.५७". मग? सहा महिन्यांपूर्वी त्या दिवशी ५७ नंबर कुणाकडे होता? डीएचसीपीचे, म्हणजे मशीनना आयपी वाटल्याचे, लॉग त्याच १८० दिवसांसाठी ठेवलेले नसतील तर वरची सगळी मेहनत इथे येऊन थांबते, आणि हे इतक्या ठिकाणी राहून गेलेलं बघितलंय की मी हल्ली पहिला प्रश्न डीएचसीपीचाच विचारतो. त्यात अजून एक, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल वायफायवर स्वतःच्या नेटवर्क कार्डचा खरा मॅक अॅड्रेस न देता बनवलेला देतात, त्यामुळे मोबाईलसाठी मॅकवरून माणूस सापडणार नाही, तिथे वायफायचं लॉगिन नावाने असायला हवं. तिसरा लॉग डीएनएसचा, म्हणजे कुणी कुठल्या साइटचं नाव विचारलं त्याचा, कारण बाहेरच्या बाजूला एकाच आयपीवर हजारो साइट असू शकतात, नुसत्या आयपीवरून कुठे गेला ते कळत नाही. डीएनएसमास्क वापरत असाल तर डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही एकाच जागी मिळतात, तेवढं ते यूएसआर२ लक्षात ठेवा, आणि लॉगरोटेटमधे क्रिएट (नवीन फाईल बनवायची ओळ) लिहिताना मालक तोच द्या जो सध्याच्या फाईलचा आहे, डीएनएसमास्क रूट म्हणून चालत नाही, मालक चुकला तर रोटेशननंतर तो गप्प बसतो आणि लॉग थांबतो.

लॉगरोटेटकडे येऊ. उबंटूवर त्याचा सिस्टमडी टाइमर दिवसातून एकदा चालतो. त्यामुळे मॅक्ससाईज १०० एमबी लिहिलं म्हणजे १०० एमबीला फाईल बदलेल हा समज चुकीचा आहे, लॉगरोटेट काही बसून लक्ष ठेवत नाही, तो जेव्हा चालेल तेव्हाच बघतो. तासाला हवं असेल तर टाइमरचा ओव्हरराइड करा, आणि त्यात ऑनकॅलेंडर आधी एकदा रिकामं लिहा आणि मग अवरली, नाहीतर जुनी वेळपण तशीच राहते. दिवसातून अनेकदा फिरवणार असाल तर डेटएक्स्टच्या (फाईलनावाला तारीख जोडणारी ओळ) फॉरमॅटमधे तासपण घाला, नाहीतर दुसऱ्या वेळी त्याच नावाची फाईल आधीच आहे म्हणून रोटेशन होतच नाही. साईज आणि डेली एकत्र लिहू नका, दोन्हीपैकी नंतर लिहिलेलं चालतं आणि आधीचं गळतं, दोन्ही अटी हव्या असतील तर डेली आणि मॅक्ससाईज.

रोटेट १८० चा अर्थ १८० दिवस नाही, १८० फाईली. ज्या दिवशी ट्रॅफिक वाढून दिवसात चार फाईली झाल्या त्या वेगाने तुमचे १८० दिवस ४५ दिवसांवर येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी रोटेट मायनस १ आणि मॅक्सएज १९० लिहितो, म्हणजे मोजणी वयावर होते, वर दहा दिवस हाताशी राहतात. मॅक्सएज पण तेव्हाच तपासला जातो जेव्हा फाईल रोटेट होणार असते, हे लक्षात असू द्या. बाकी मिसिंगओके, कॉम्प्रेस, डिलेकॉम्प्रेस, क्रिएट ०६४०, आणि पोस्टरोटेटमधे (फिरवल्यावर चालवायच्या कमांड) यूलॉगडी२ ची सर्विस रीलोड. फाईलींचं नाव देताना नुसता स्टार टाकू नका, स्टार डॉट लॉग असं द्या, नाहीतर आधी फिरवलेल्या जीझेड फाईली परत फिरायला लागतात आणि नावाला शेपट्या लागत जातात. कॉन्फिग फाईल रूटच्या मालकीची हवी आणि ग्रुपला त्यात लिहायची परवानगी नको, नाहीतर लॉगरोटेट ती सोडून देतो. डिरेक्टरी ग्रुपला लिहिता येण्यासारखी असेल तर तो असुरक्षित परवानगी म्हणून नकार देतो, तिथे कुठल्या युजरने फिरवायचं ते सांगणारी एसयू ची ओळ लागते.

तपासायला आधी डॅश डी ने चालवा, त्यात काही बदलत नाही फक्त काय करणार ते सांगतो. मग डॅश व्हीएफ ने जबरदस्ती फिरवा आणि लगेच एलएस ला एल आणि आय देऊन आयनोड बघा, दोन मिनिटांनी नवीन फाईल वाढतेय का बघा. बरेच जण पहिली पायरी करून थांबतात, आणि तुमची शून्य बाइटची फाईल दुसऱ्या पायरीतच दिसली असती.

लॉगरोटेटमधे एकूण जागेची मर्यादा नावाची गोष्टच नाही. म्हणून लॉगसाठी वेगळं पार्टिशन करा, एलव्हीएम असेल तर वेगळा व्हॉल्यूम, तुमच्या हिशोबाने ६० जीबी दिलंत तरी खूप झालं. ते भरलं तर लॉग थांबेल, डेटाबेस नाही थांबणार. ८० टक्क्यांवर अलार्म लावा. आणि दुसरा अलार्म, जो जास्त महत्त्वाचा आहे आणि जो जवळजवळ कुणी लावत नाही: चालू लॉग फाईल गेल्या १५ मिनिटात वाढली का? ऑफिसच्या वेळेत दीडशे मशीनचं गेटवे १५ मिनिटं गप्प असूच शकत नाही. भरलेली डिस्क आरडाओरडा करते, थांबलेला लॉग काहीच करत नाही, तो सहा महिन्यांनी कुणी मागितल्यावर कळतो.

टीसीपीडंप पूर्ण सोडा असं मी म्हणत नाहीये. एखादा हल्ला किंवा विचित्र बिघाड चालू असताना मागचा एक-दीड दिवस पॅकेट स्वरूपात हाताशी असणं सोन्यासारखं आहे. पण त्याला रिंग बफर म्हणून चालवा, मोठा सी ५०० आणि मोठा डब्ल्यू १०० दिलंत की ५०० एमबीच्या १०० फाईली होतात आणि मग पहिलीवर परत लिहितो, ५० जीबीच्या वर जाणारच नाही, लॉगरोटेटची गरजच नाही. स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे सुरवातीचे किती बाइट घ्यायचे) १२८ ठेवा म्हणजे हेडर येतात आणि आतला मजकूर बहुतेक गळतो, तुमच्या ट्रॅफिकला त्यात साधारण दीड दिवस बसेल. ही रिंग लॉगच्या पार्टिशनवर नको, तिला स्वतःची जागा द्या. वेळेवर फाईल बदलायचा मोठा जी वापरायचा मोह होतो, पण मोठ्या जी सोबत मोठा डब्ल्यू दिला तर तेवढ्या फाईली झाल्यावर टीसीपीडंप बंद होतो, फिरत नाही. आणि मोठ्या जी च्या फाईलनावात तारीख-वेळेचे कोड नसतील तर तीच फाईल दरवेळी परत लिहिली जाते. उबंटूवर अॅपआर्मर (प्रोग्रॅमवर मर्यादा घालणारी सुरक्षा) टीसीपीडंपला डॉट पीकॅप सारख्या नावांच्या फाईलीच लिहू देतो आणि रोटेशननंतरच्या कमांडमधे जीझिप-बीझिप२ सोडून तुमची स्वतःची स्क्रिप्ट चालू देत नाही, तेव्हा "परमिशन डिनाइड" आलं की चमॉडने परवानग्या बदलत बसण्याआधी अॅपआर्मरचा लॉग बघा. शिवाय तो फाईल उघडायच्या आधी रूट सोडून टीसीपीडंप युजर होतो, डिरेक्टरी त्याच्या मालकीची हवी.

लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण गेटवेत घुसलेला माणूस पहिलं काम लॉग पुसायचं करतो. आरसिसलॉगच्या आयएमफाईलने फाईल वाचून टीसीपी किंवा रेल्पवरून (पोचपावती घेऊन लॉग पाठवायची पद्धत) पाठवा, यूडीपी ५१४ वरून नको, त्यात हरवलेल्या ओळीचा हिशोब कुणाकडेच नसतो. पाठवण्याच्या अॅक्शनला डिस्कवर उतरणारी रांग द्या, रीट्राय मायनस १, आणि रांगेला जागेची मर्यादा, म्हणजे पलीकडचं मशीन रात्रभर बंद असलं तरी सकाळी सगळं पोचतं. काही जण फाईलला चॅटर प्लस ए लावतात म्हणजे फक्त जोडता येईल, पुसता येणार नाही, कल्पना चांगली आहे पण मग लॉगरोटेटला नावही बदलता येत नाही, त्यामुळे ते गेटवेवर नको, साठवणाऱ्या मशीनवर बंद झालेल्या फाईलींना प्लस आय (काहीच बदलता येणार नाही) लावा.

बंद झालेल्या प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश (फाईलचा ठसा, फाईल बदलली की तोही बदलतो) रोज काढून तिसऱ्या ठिकाणी ठेवा, मेलने स्वतःला पाठवला तरी चालेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो, तो त्याच दिवशी काढलेला असेल तर पुढे फाईल बदलली नाही हे दाखवता येतं.

घड्याळासाठी क्रोनी लावा आणि त्यात एनआयसीचा समय१ डॉट एनआयसी डॉट इन द्या. लॉगमधे टाइमझोन लिहिलेला असायला हवा, यूटीसी ठेवा किंवा भारतीय वेळ ठेवा पण ओळीत ते दिसू द्या. साडेपाच तासांचा घोळ झाला तर आयपी दुसऱ्याच माणसाकडे गेलेला असतो आणि तुम्ही निष्पाप माणसाचं नाव लेखी देऊन मोकळे होता. स्टाफला पण एक साधी नोटीस द्या की कनेक्शनच्या नोंदी ठेवल्या जातात, काय ठेवतो आणि काय ठेवत नाही, लोकांना ते कळायचा हक्क आहे.

सगळं लावून आठवडा झाला की एक सराव करा. सहकाऱ्याला सांगा, तीन दिवसांपूर्वीचं एखादं कनेक्शन निवड, आणि तुमच्या हातात फक्त पब्लिक आयपी, पोर्ट आणि वेळ दे. तुम्ही दाबलेल्या फाईलीतून झेडग्रेपने आतला आयपी काढा, डीएचसीपीतून मशीन काढा, डीएनएसमधून साइट काढा, आणि घड्याळ लावून बघा किती वेळ लागला. कुठे अडकलात ते इथे लिहा, कॉन्फिगच्या ओळीसकट, मग तेवढ्यापुरतं बघू.